सॅटेलाइट फोन कंपन्यांचे शेअर घ्यायचेत? आधी त्यांच्या उपग्रहांचं वय विचारा

मी एकोणीस वर्षं बोटीवर काढली. ब्रिजवर इनमारसॅटचा टर्मिनल, चाच्यांपासून लपायच्या खोलीत इरिडियमचा हँडसेट, आणि घरी बोलायला मिनिटांची कार्डं. दोन वाक्यांत बायकोची चौकशी आणि तिसऱ्यात आईच्या गुडघ्यांची, की कार्ड संपलं. त्यामुळे नोकरी सोडून पुण्यात स्थिरावल्यावर परदेशी शेअर घ्यायचं ठरलं, तेव्हा पहिला विचार याच कंपन्यांचा आला. वस्तू वापरली आहे म्हणजे धंदा कळतो, असा माझा समज होता. वस्तू कळत होती, धंदा अजिबात कळत नव्हता. तो कळायला दीड-दोन वर्षं गेली आणि थोडे पैसेही गेले. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही. कोणता शेअर घ्या हे सांगणार नाही, तुलना कशी करायची ते सांगतो.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- पॅन, आणि परदेशी पैसे पाठवायची सोय असलेलं बँक खातं
- अमेरिकी शेअर घेता येतील असं ब्रोकरकडचं खातं
- प्रत्येक कंपनीचे निदान पाच वर्षांचे वार्षिक अहवाल. अमेरिकी कंपन्यांचा वार्षिक अहवाल म्हणजे '१०-के'. तो तिथल्या सेबीच्या, म्हणजे एसईसीच्या, 'एडगर' या संकेतस्थळावर फुकट मिळतो
- एक कोरी एक्सेल शीट. यूट्यूबवरचे 'दहापट होणारे पाच शेअर' छापाचे व्हिडिओ नकोत

एक गोष्ट मात्र अजिबात हाताशी नको, ती म्हणजे हँडसेट. 'आधी वापरून बघू' म्हणून परदेशातून सॅटेलाइट फोन मागवू नका, येताना बॅगेत आणूही नका. भारतात परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. २६/११च्या हल्लेखोरांकडे थुराया कंपनीचा सॅटेलाइट फोन होता, आणि तेव्हापासून यंत्रणा याबाबत फारच कडक आहेत. इथे अधिकृत सेवा मिळते ती बीएसएनएलमार्फत, इनमारसॅटच्या उपग्रहांवरून. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका परदेशी धावपटू बाईला ट्रेकर लोक वापरतात तसलं छोटं सॅटेलाइट मेसेंजर जवळ होतं म्हणून अडवलं होतं. शेअर घ्यायला बंदी नाही, फोन बाळगायला आहे.

पायरी १ : कोण अजून बाजारात आहे ते बघा

या धंद्यात मालक सारखे बदलतात. इनमारसॅट १९७९ साली देशादेशांची मिळून संस्था म्हणून सुरू झाली, १९९९ मध्ये खासगी झाली, २००५ मध्ये लंडनच्या बाजारात आली, २०१९ मध्ये बाजारातून उठली आणि मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्हायासॅटने ती घेतली. म्हणजे आज तुम्हाला 'इनमारसॅट' हवी असेल तर व्हायासॅट घ्यावी लागते. तिच्यासोबत विमानातलं वायफाय, लष्करी कामं आणि मार्च २०२५ अखेर पाच अब्ज डॉलरहून जास्त असलेलं कर्जही येतं. थुराया ही अमिरातीची. २०१८ मध्ये ती याहसॅटकडे गेली, आणि याहसॅट ऑक्टोबर २०२४ मध्ये बायानात या कंपनीशी एक होऊन 'स्पेस४२' झाली, तिचे शेअर अबू धाबीच्या बाजारात.

ज्यांचा धंदा मुळातच सॅटेलाइट फोनवर उभा राहिला अशा दोन अमेरिकी कंपन्या, इरिडियम आणि ग्लोबलस्टार. साध्या मोबाइललाच उपग्रहाशी जोडू बघणारी नवी भिडू म्हणजे एएसटी स्पेसमोबाइल. या तिन्ही अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारावर नोंदलेल्या. तरीही खरेदीच्या दिवशी एकदा खात्री करा की कंपनी अजून स्वतंत्र आहे, विलीनीकरणाची बोलणी चालू नाहीत. सौदा जाहीर झाल्यावर शेअर ठरलेल्या किमतीला चिकटून बसतो, मग तुमच्या दहा वर्षांच्या हिशेबाला काही अर्थ राहत नाही.

पायरी २ : दिवाळखोरीचा इतिहास वाचा, पुण्यापासून

इथे थांबून वाचा. या धंद्यातला पैसा कसा बुडतो आणि मग कोणाला मिळतो, ते यातच आहे.

मोटोरोलाच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या इरिडियमने १ नोव्हेंबर १९९८ ला सेवा सुरू केली. आकाशात ६६ उपग्रह, खर्च पाच अब्ज डॉलरच्या आसपास. नाव ठेवलं होतं ७७ अणुक्रमांकाच्या मूलद्रव्यावरून, कारण मूळ आराखड्यात ७७ उपग्रह होते. हँडसेटची किंमत तीन हजार डॉलर, आकार विटेएवढा, आणि घरात-गाडीत चालत नाही. तोवर साधे मोबाइल स्वस्त होऊन जगभर पसरले होते. ऑगस्ट १९९९ मध्ये, म्हणजे नऊ महिने पूर्ण होतात तोच, इरिडियम दिवाळखोरीत. उपग्रह वातावरणात पाडून जाळायची तयारी झाली होती. शेवटी डॅन कोलुसी यांच्या गटाने सगळं मिळून सुमारे अडीच कोटी डॉलरना घेतलं आणि अमेरिकी संरक्षण खात्याने लगेच ७.२ कोटी डॉलरचं कंत्राट दिलं. दोनशे रुपयांची वस्तू एका रुपयाला, वर गिऱ्हाईक तयार.

यातला पुण्याचा भाग फार कमी लोकांना ठाऊक असतो. इरिडियमच्या भारतीय शाखेत आपल्या वित्तसंस्थांचे पैसे अडकले. चुकीची माहिती देऊन गुंतवणूक घ्यायला लावली, असा आरोप करत इरिडियम इंडियाने मोटोरोलाविरुद्ध २००१ मध्ये पुण्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर फौजदारी तक्रार केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल फिरवला आणि सांगितलं की कंपनीला देहमन नसलं तरी फसवणुकीच्या हेतूबद्दल तिच्यावर खटला चालू शकतो. वकिलीचे विद्यार्थी तो निकाल आजही अभ्यासतात. मला त्यातून कळलं ते एवढंच: एवढ्या मोठ्या संस्थांचे अभ्यासू लोकही माहितीपत्रकातल्या अंदाजांवर विसंबले होते. आपण कोण लागून गेलो?

ग्लोबलस्टारचीही तीच गत. सप्टेंबर १९९८ मध्ये एकाच झेनिट रॉकेटबरोबर तिचे १२ उपग्रह गेले, २००२ मध्ये दिवाळखोरी आली, आणि २००४ मध्ये थर्मो या गटाने सुमारे ४.३ कोटी डॉलर घालून ताबा घेतला. इनमारसॅटमधून निघालेली आयसीओ ही कंपनी तर इरिडियमच्याच महिन्यात बुडाली.

म्हणजे आकाशातला पहिला ताफा ज्यांनी उभा केला त्यांचे पैसे गेले, आणि तोच ताफा भंगाराच्या भावात घेणाऱ्यांचे झाले. म्हणून तुमच्या शीटमधला पहिला स्तंभ 'तंत्रज्ञान कोणाचं चांगलं' हा नको. तिथे लिहा, 'पुढच्या ताफ्याचे पैसे कोण देणार?'

पायरी ३ : उपग्रहांचं वय लिहा

उपग्रह म्हणजे एसटीची गाडी नव्हे, की गॅरेजला नेली, इंजिन बदललं आणि पुन्हा रस्त्यावर. इंधन संपलं, बॅटरी थकली की संपलं. म्हणून प्रत्येक कंपनीपुढे तीन गोष्टी लिहा: शेवटचा ताफा कधी पूर्ण झाला, किती वर्षांसाठी बांधला, पुढच्याचा खर्च किती.

इरिडियमने दुसरा ताफा जानेवारी २०१७ ते जानेवारी २०१९ या काळात आठ उड्डाणांत ७५ उपग्रह सोडून पूर्ण केला. खर्च सुमारे तीन अब्ज डॉलर. त्यानंतरची वर्षं म्हणजे तिच्या सुगीचा काळ: यंत्रं नवी, मोठा खर्च नाही, हातात रोकड. त्यातूनच तिने स्वतःचे शेअर परत घेतले आणि २०२३ पासून लाभांश द्यायला लागली. हे आकडे बघून अनेक जण 'काय रोकड काढते ही कंपनी!' म्हणतात. मीही म्हणालो होतो. पण ही रोकड म्हणजे नवीन ट्रॅक्टर घेतल्यावरची पहिली काही वर्षं. पुढचा ट्रॅक्टर घ्यायची वेळ येणारच. ताफा पंधरा वर्षं चालेल असं धरून दरवर्षीच्या रोकडीतून तीन अब्ज भागिले पंधरा, म्हणजे वीस कोटी डॉलर मनातल्या मनात बाजूला काढा आणि मग उरलेल्याला शेअरच्या किमतीशी ताडून बघा. चित्र बरंच बदलतं.

ग्लोबलस्टारचा दुसरा ताफा २४ उपग्रहांचा, २०१० ते २०१३ मधला. तो लावायची घाई का झाली? कारण २००७ मध्ये कंपनीला सांगावं लागलं की पहिल्या ताफ्यातल्या उपग्रहांचे एस-बँड अ‍ॅम्प्लिफायर अपेक्षेपेक्षा लवकर खराब होताहेत, म्हणजे फोनकडे संदेश पाठवायची ताकदच कमी होतेय. शेअर बाजारात येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

इनमारसॅट आणि थुरायाचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर भूस्थिर कक्षेत, म्हणजे जमिनीवरून बघता एकाच जागी थांबलेले. थोड्या उपग्रहांत मोठा भूभाग झाकला जातो, पण एक गेला की सगळंच अडतं. एप्रिल २०२४ मध्ये थुराया-३ बिघडला आणि आशिया-पॅसिफिकमधल्या ग्राहकांची सेवा बंद पडली. व्हायासॅटचं तर २०२३ मध्ये इनमारसॅट घेतल्यावर दोन-तीन महिन्यांतच दोनदा नशीब फिरलं: एका नव्या उपग्रहाचा अँटेना नीट उघडला नाही आणि इनमारसॅटच्या एका नव्या उपग्रहाची वीजयंत्रणा बिघडली. ६६ उपग्रहांच्या ताफ्यात एखादा गेला तर कक्षेतच फिरणारा सुटा उपग्रह त्याच्या जागी सरकवता येतो. फेब्रुवारी २००९ मध्ये इरिडियमचा एक उपग्रह निकामी रशियन उपग्रहावर आदळून चक्काचूर झाला, तरी धंदा थांबला नाही.

पायरी ४ : बिल कोण भरतं ते शोधा

'सॅटेलाइट फोन कंपनी' हे नाव फसवं आहे. इरिडियमचे २०२४ अखेर चोवीस-पंचवीस लाख ग्राहक होते, पण त्यात फोनवाले थोडे. बहुतेक 'ग्राहक' म्हणजे ट्रक, कंटेनर, जेसीबीसारखी यंत्रं, समुद्रात तरंगणाऱ्या बोयांवर बसवलेली उपकरणं. फोनवाला महिन्याला पंचेचाळीस डॉलरच्या आसपास देतो, यंत्र सात-आठ डॉलर. म्हणून नुसती ग्राहकसंख्या वाढली म्हणून हुरळू नका, ग्राहकामागे उत्पन्न किती ते त्याच अहवालात शोधा.

मग एकच मोठं गिऱ्हाईक किती भारी आहे ते बघा. इरिडियमचं अमेरिकी संरक्षण खात्याशी सप्टेंबर २०१९ मध्ये झालेलं कंत्राट सात वर्षांचं, ७३.८५ कोटी डॉलरचं. कितीही सैनिकांनी वापरलं तरी रक्कम ठरलेली. असं कंत्राट संपायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

ग्लोबलस्टारचं गिऱ्हाईक अ‍ॅपल. नोव्हेंबर २०२२ पासून आयफोन १४ मधला आपत्कालीन संदेश तिच्याच उपग्रहांवरून जातो, आणि नेटवर्कची ८५ टक्के क्षमता अ‍ॅपलसाठी राखीव आहे. २०२४ मध्ये अ‍ॅपलने दीड अब्ज डॉलरपर्यंतची बोली केली: १.१ अब्ज आगाऊ, आणि ४० कोटींना तिच्या एका उपकंपनीचा २० टक्के हिस्सा. 'पुढच्या ताफ्याचे पैसे कोण देणार' या प्रश्नाला एवढं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं. पण एकाच दूध डेअरीला सगळं दूध घालणाऱ्याला भाव कोण ठरवतं हे माहीत असतं.

बोटीवरचं एक उदाहरण देतो, कारण खरी तटबंदी कशी दिसते ते त्यातून कळतं. मोठ्या जहाजांना संकटसंदेशाची यंत्रणा कायद्याने सक्तीची, आणि तिच्यातली उपग्रह सेवा द्यायला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची मान्यता लागते. कित्येक वर्षं ती एकट्या इनमारसॅटकडे होती. इरिडियमला २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि सेवा डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाली. अशी मान्यता वर्षानुवर्षं झगडून मिळते आणि जाहिरात करून हिसकावता येत नाही. प्रत्येक कंपनीच्या अहवालात अशा मान्यता शोधा: सागरी, विमानांची, लष्करी.

पायरी ५ : सातबारा तपासा

जमिनीचा सातबारा तसा या कंपन्यांचा स्पेक्ट्रम. उपग्रह जळून जातात, लहरींचा हक्क राहतो. काही वेळा धंद्यापेक्षा त्यालाच जास्त मोल येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये इलॉन मस्कच्या स्पेसएक्सने एकोस्टार या अमेरिकी कंपनीकडून स्पेक्ट्रम घ्यायचा सौदा जाहीर केला, सुमारे १७ अब्ज डॉलरचा. एकोस्टारचा शेअर उसळला, आणि इरिडियमचा पडला, कारण बाजाराला कळलं की मोठा खेळाडू आता थेट मोबाइलमध्ये स्वतःच्या लहरींनिशी उतरतोय.

अहवालात चार प्रश्नांची उत्तरं शोधा: पट्टा किती रुंद, एकट्याचा की वाटून, जगभर की एका देशात, आणि जमिनीवरच्या टॉवरसाठी वापरायची मुभा आहे का. ग्लोबलस्टारकडे ही शेवटची मुभा असलेला 'बँड ५३' आहे. त्याच्या जोरावर वर्षानुवर्षं 'आता वाढणार, आता वाढणार' अशी चर्चा चालली, आणि उत्पन्न मात्र त्यातून फार आलं नाही. सातबारा आहे म्हणजे पीक आलं असं नाही.

पायरी ६ : कर्ज आणि शेअरची संख्या

कर्जाचं सोपं आहे. निव्वळ कर्ज (कर्ज वजा हातातली रोकड) भागिले वर्षाची कामकाजी कमाई. इरिडियमचं २०२४ अखेर हे साडेतीन पटींच्या आसपास होतं. कर्ज फेडीची वर्षं टिपणीत दिलेली असतात, ती उपग्रहांच्या वयाशेजारी लिहा. दोन्ही एकाच वर्षी येत असतील तर सावध.

शेअरच्या संख्येत मी स्वतः फसलो होतो. ग्लोबलस्टार नोव्हेंबर २००६ मध्ये १७ डॉलरना बाजारात आली, तेव्हा तिचे शेअर सात कोटींच्या आसपास. पैसे उभारता उभारता ती संख्या १८० कोटींच्या पुढे गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने पंधरा शेअरचा एक केला. मी तालिकेवर ५०-६० डॉलर बघून समजलो की जुन्या गुंतवणूकदारांची चांदी झाली. प्रत्यक्षात त्या हिशेबाने सुरुवातीची किंमत १७ गुणिले १५, म्हणजे २५५ डॉलर. ज्याने पहिल्या दिवशी घेतले तो अजून खड्ड्यात. म्हणून कुठलाही दीर्घकालीन तक्ता बघताना आधी विभाजन आणि उलटं विभाजन झालंय का ते तपासा, आणि दहा वर्षांतली शेअरसंख्या शीटमध्ये एका ओळीत मांडा.

व्हायासॅटचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं, बाकीच्यांचं डिसेंबरला. आकडे शेजारी ठेवताना हे विसरलात तर तुलना तिथेच चुकते.

पायरी ७ : नव्या भिडूला वेगळ्या कागदावर लिहा

एएसटीची तुलना इरिडियमशी एकाच तक्त्यात करू नका. २०२४ मध्ये एएसटीचं पूर्ण वर्षाचं उत्पन्न ४४ लाख डॉलर होतं. एप्रिल २०२४ मध्ये शेअर दोन डॉलरच्या आसपास, दीड वर्षात ऐंशीच्या वर. हा भाव आजच्या धंद्याचा नाही, उद्याच्या स्वप्नाचा आहे. स्वप्न खोटं आहे असं मी म्हणत नाही. २४ डिसेंबर २०२५ ला त्यांचा अवाढव्य उपग्रह आपल्याच एलव्हीएम३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून गेला, तेव्हा मीही टीव्हीसमोर बसलो होतो. पण १९९८ मध्येही सगळ्यांनी असंच आकाशाकडे बघितलं होतं.

इथे वेगळे प्रश्न लागतात: दर तिमाहीला किती रोकड जळते, हातात किती तिमाह्यांची आहे, आणि नवे शेअर कितीला विकून ती भरली. यात पैसे घालायचेच असतील तर बुडाले तरी घरात भांडण होणार नाही एवढेच घाला.

आणि जी कंपनी तुमच्या यादीत नाही, तिचा विचार सर्वांत जास्त करा. स्पेसएक्सने साध्या मोबाइलला थेट जोडणारी सेवा टी-मोबाइल या मोबाइल कंपनीबरोबर जुलै २०२५ पासून अमेरिकेत सुरू केली. तिचं रॉकेट स्वतःचं. इरिडियमने आपला दुसरा ताफा सोडला तोही स्पेसएक्सच्याच रॉकेटवरून. इरिडियमचा शेअर २०२३ च्या सुरुवातीला साठच्या वर होता, २०२५ च्या अखेरीस विसाच्या खाली. त्या काळात कंपनीचं उत्पन्न घटलं नव्हतं.

पायरी ८ : खरेदी आणि कागदपत्रं

भारतातल्या रहिवाशाला एलआरएस, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. बँकेत ए-२ फॉर्म भरा आणि 'पर्पज कोड', म्हणजे पैसे कशासाठी जाताहेत त्याचा संकेतांक, स्वतः वाचा. परदेशी शेअरसाठी तो एस०००१ आहे. माझ्या वेळी काउंटरवरच्या मुलाने कुटुंबाच्या पालनपोषणाचा कोड टाकला. नीट करून घ्यायला तीन आठवडे आणि चार फेऱ्या लागल्या. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

ब्रोकरकडे आपण अमेरिकेचे रहिवासी नाही असं सांगणारा डब्ल्यू-८बेन फॉर्म भरा, म्हणजे अमेरिकी लाभांशावर २५ टक्के कर कापला जाईल. त्याचं श्रेय इथल्या करात मागता येतं. शेअर चोवीस महिन्यांहून जास्त ठेवून विकलात तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, अधिक अधिभार-उपकर.

दोन गोष्टी ब्रोकर आपणहून सांगत नाही. एक, विवरणपत्रातली परदेशी मालमत्तेची अनुसूची एफए: एक शेअर असला तरी भरायची, आणि ती आर्थिक वर्षाची नाही, जानेवारी ते डिसेंबरची. दोन, अमेरिकेबाहेरच्या माणसाकडे मृत्यूच्या वेळी साठ हजार डॉलरहून जास्तीची अमेरिकी मालमत्ता असेल तर तिथला वारसाकर लागू होतो, ४० टक्क्यांपर्यंत. मोठी रक्कम घालायची असेल तर आधी सीएशी बोला, आणि खात्याची माहिती घरात कोणाला तरी देऊन ठेवा. माझ्या घरी ती गॅसच्या पुस्तकात ठेवली आहे, कारण ते एकच पुस्तक सगळ्यांना नेहमी सापडतं.